काटा थांबू द्या

काटेसाहेबांनी उभ्या आयुष्यात एकाच प्रश्नाला ढोबळ उत्तर दिलं, आणि त्याचं प्रायश्चित्त म्हणून त्यांना ओल्या टॉवेलवर अँब्युलन्समधून जावं लागलं. एरवी ढोबळपणाशी त्यांचं उभं वैर. वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानादुकानांत जायचं, पिशवीतलं प्रमाण वजन पारड्यात ठेवायचं, आणि दुकानदार घाईघाईने "बघा साहेब, बरोब्बर आहे" म्हणाला की तळहात वर करून म्हणायचं, "काटा थांबू द्या." हलणारा काटा वाचणं त्यांच्या लेखी पाप होतं. निरोपसमारंभात खात्याने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं, पण काटेसाहेब हे नाव दुकानदारांनी दिलेलं, आणि तेच जास्त टिकलं. बिल्डिंगमध्ये त्यांचं खरं आडनाव फक्त विजेच्या बिलाला ठाऊक होतं.

निवृत्तीनंतर तपासायला दुकानं उरली नाहीत, तेव्हा घरातल्या वस्तूंवर गदा आली. गेल्या काही महिन्यांत तर साहेबांनी कहरच केला होता. बाथरूमबाहेरचा वजनकाटा त्यांचं वजन दर आठवड्याला कमी दाखवू लागला, म्हणून त्यांनी त्याच्यावर खडूने फुली मारून त्याला नापास केलं. बँकेत सही जुळेना, म्हणून पेन नापास झालं. चहाचा कप उचलला की बशीत खडखड वाजायचा, म्हणून बशी नापास झाली.

"तळ सपाट नाही बशीचा," ते म्हणाले.

"आपल्या लग्नात आलेली बशी आहे ती," बायको म्हणाली. "इतकी वर्षं सपाट होती."

"वस्तू झिजतात."

"माणसंही झिजतात," बायको म्हणाली आणि गाण्याच्या क्लासला निघून गेली. तिचं म्हणणं बरोबर होतं की चूक, हे साहेबांनी तपासलं नाही. तपासायला लागणारी सगळी उपकरणं त्यांनी आधीच बाद केली होती.

आता तो ढोबळ उत्तराचा प्रसंग. साहेबांची सून नर्स. मुलगी शाळेत जायला लागल्यावर तिने पुन्हा नोकरी बघायला सुरुवात केली होती, आणि एका आरोग्य सल्ला केंद्राकडून तिला इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं होतं. बोलावणं म्हणजे फोनच येणार होता, कारण कामच फोनवरचं होतं. दूरदूरच्या देशांतली माणसं इंग्रजीत फोन करणार, आपल्याला काय होतंय ते सांगणार, आणि हिने ते नीट ऐकून पुढे डॉक्टरांना कळवायचं. रुग्ण दिसणार नाही, त्याच्या कपाळाला हात लावता येणार नाही. जे काही करायचं ते शब्दांच्या भरवशावर. ही नोकरी तिला मनापासून हवी होती. रात्री जेवताना ती घास हातात धरून शब्द पुटपुटत बसायची, ते साहेब बघत होते.

एका सकाळी ती वही घेऊन त्यांच्यासमोर बसली. "बाबा, शेक, ट्रेम्बल, शिव्हर, क्विव्हर, शडर. ह्यांच्यात नेमका फरक काय हो?"

साहेब पेपरात होते. पेपरातून डोकं न काढता ते म्हणाले, "साधारण सगळ्यांचा अर्थ हलणं."

"साधारण?" सून म्हणाली.

ती हसली नाही, टोमणा मारला नाही. नुसता तोच शब्द परत केला. पण एखाद्या दुकानदाराने आपलंच प्रमाण वजन उचलून "हे जरा कमी भरतंय साहेब" म्हणावं, तसं काटेसाहेबांना झालं. त्यांनी पेपराची घडी घातली. कपाट उघडून जाडजूड शब्दकोश काढला. दुपारपर्यंत ते कोशाच्या एका शब्दावरून दुसऱ्यावर आणि दुसऱ्यावरून परत पहिल्यावर फिरत राहिले. शेक म्हणजे ट्रेम्बल, ट्रेम्बल म्हणजे शिव्हर, शिव्हर म्हणजे शेक. गोल फिरून माणूस आपल्याच दारात यावा तशी गत. संध्याकाळी त्यांनी कोशही नापास केला.

बायको क्लासहून आली, तिने चपला काढता काढता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्यात काय एवढं? थंडीने हुडहुडी भरते. भीतीने थरथर सुटते. किळस आली की अंगावर शहारा येतो. रडू दाबलं की ओठ थरकतो. आणि मी तुम्हाला सकाळी उठवते ते गदगदा हलवून. झाले की पाच."

पाच झाले होते, यात शंका नाही. पण साहेबांना ते मान्य होईना. "हा अंदाज झाला," ते म्हणाले. "प्रत्येक शब्दाचा प्रमाण नमुना पाहिजे. समोर ठेवून दाखवता येईल असा."

आणि त्यांनी कंबर कसली.

सुरुवात साधी होती. शेकचा नमुना म्हणून खोकल्याच्या औषधाची बाटली मुक्रर झाली, कारण तिच्यावर तसं छापलेलंच होतं. क्विव्हरसाठी शेजारच्या काकू धावून आल्या. त्यांनी लाल रंगाची जेली करून आणली, टेबलावर ठेवली आणि टिचकी मारली. "बघा कशी लुटलुटतेय!" जेली खरोखरच फार सुंदर लुटलुटली. साहेब भिंग घेऊन बघत बसले. काकूंना मात्र जेली खाल्ली जाईल अशी आशा होती, ती न खाता दोन दिवस टेबलावर नमुना म्हणून राहिली, याचं त्यांना जरा वाईट वाटलं. तरी त्या रोज येऊन टिचकी मारून जात होत्या.

मग सेक्रेटरी आले. बिल्डिंगचे हे सेक्रेटरी समोरच्या विंगमध्ये राहायचे. साहेबांच्या गॅलरीत काय चाललंय ते त्यांना स्वतःच्या गॅलरीतून स्वच्छ दिसायचं, आणि जे दिसेल त्यात लक्ष घालणं ते आपलं कर्तव्य समजायचे. कुणी फार सल्ले देतं म्हणून आपण वैतागतो खरं, पण सल्ला द्यायला कुणी आलंच नाही तर जिना किती लांब वाटेल, ते ज्याला अनुभव आहे त्याने सांगावं.

"काटेसाहेब, व्हायब्रेट राहिलं तुमचं," सेक्रेटरी म्हणाले. "माझी स्कूटर वर आणू का?"

"तो शब्द यादीत नाही."

"नसेना. इंटरव्ह्यूला काय विचारतील त्याचा नेम आहे का? माझ्या मेव्हण्याला त्याच्या इंटरव्ह्यूत पोहता येतं का विचारलं होतं. नोकरी होती हिशेबाची."

स्कूटर कशीबशी तळमजल्यावरच थांबवण्यात आली. पण जाता जाता सेक्रेटरींनी एक खरा मुद्दा मांडला. जेली आणि बाटली ठीक आहे, पण सूनबाईंना रुग्ण ओळखायचेत. रुग्ण काय जेली असतात? माणसाचं हलणं माणसानेच दाखवायला हवं. साहेबांनी मान डोलावली, आणि त्या क्षणी पुढचा अनर्थ पक्का झाला.

इंटरव्ह्यूचा दिवस उजाडला. फोन दुपारी येणार होता. सकाळी रंगीत तालीम ठरली. साहेबांनी गॅलरीत उभं राहून पाच प्रकार करून दाखवायचे, सुनेने आतून बघून शब्द सांगायचा. बायको क्लासला गेली होती. जाताना एवढंच म्हणाली, "पडू नका म्हणजे झालं."

पहिला शिव्हर. तो खराखुरा यावा म्हणून साहेबांनी थंड पाण्याची बादली अंगावर घेतली. काही नाही. दुसरी घेतली. तरी काही नाही. उलट बरं वाटलं. हल्ली त्यांना सारखं उकडायचं, घरात सगळे पांघरूण घेत तेव्हा हे पंखा लावून बसायचे. मग त्यांनी फ्रीजमधला बर्फ बादलीत टाकला आणि तिसरी बादली घेतली. अंग ढिम्म. "पाणीच थंड नाही," असा निर्वाळा देऊन ते बनियन आणि टॉवेलवर गॅलरीच्या वाऱ्यात जाऊन उभे राहिले, आणि शेवटी नाइलाजाने हुडहुडीचा अभिनय केला. दात वाजवले, खांदे गोळा केले.

"शिव्हर!" सून आतून म्हणाली.

"बरोबर."

मग गदगदा हलणं झालं, भीतीची थरथर झाली, ओठाचा थरकाप झाला. तिन्ही बरोबर ओळखले गेले. शेवटचा शडर. त्यासाठी वैद्यांकडचं महाकडू चूर्ण चमच्यात तयार होतं. साहेबांनी ते जिभेवर ठेवलं, आणि इथे मात्र अभिनयाची गरज पडली नाही. डोक्यापासून पायापर्यंत सगळा देह असा काही शहारला की टॉवेलची गाठ सैल झाली. डोळे पांढरे झाले, मान एका बाजूला गेली.

समोरच्या गॅलरीत सेक्रेटरी दात घासत उभे होते.

"काटेसाहेब!" ते ओरडले. "अहो काय होतंय?"

प्रात्यक्षिक अर्धवट तोडायचं नाही, हा साहेबांचा जुना दंडक. त्यांनी फक्त तळहात वर केला. जन्मभर ज्या हाताने त्यांनी दुकानदारांना थांबवलं तोच हात, पण तो थरथरत होता, आणि सेक्रेटरींना त्याच्यात "थांबा" न दिसता "वाचवा" दिसलं.

पुढचं इतकं भराभर घडलं की साहेबांना आजही ते नीट क्रमाने सांगता येत नाही. सेक्रेटरी तोंडात ब्रश घेऊनच जिने उतरले, जिने चढले, दार उघडंच होतं, आत घुसले. सून "अहो काका, बाबा ठीक आहेत, आम्ही इंग्रजी..." म्हणेपर्यंत त्यांनी साहेबांना आडवं केलं, साहेबांच्याच हातातला चमचा काढून घेतला आणि त्यांच्या दातांत अडकवला. त्यांच्या एका आत्याला फिट यायची, तेव्हा घरात हेच करायचे. असं करू नये, हे सुनेने नर्स म्हणून ओरडून सांगितलं. पण सेक्रेटरी काकूंना हाक मारत म्हणाले, "घरचे घाबरलेले असतात, त्यांचं ऐकायचं नसतं."

साहेब चमच्यामागून म्हणत होते, "ऊं ऊं ऊं." त्याचा अर्थ होता, मी ठणठणीत आहे, मूर्खा. काकूंनी तो अर्थ "पाणी" असा लावला आणि तांब्याभर पाणी त्यांच्या डोक्यावर ओतलं. त्याही बिचाऱ्या रडत होत्या. जेली खाल्ली नाही म्हणून मी मनात राग धरला होता हो, असं म्हणून त्या आणखीच रडल्या. अँब्युलन्स एरवी कितीही फोन केले तरी येत नाही. त्या दिवशी ती नेमकी कोपऱ्यावर चहाला थांबली होती.

अँब्युलन्समध्ये सुनेने पहिल्यांदा चमचा काढला. साहेबांनी शक्य तितक्या भारदस्तपणे टॉवेल सावरला आणि सोबतच्या माणसाला म्हणाले, "हे बघा, मला काहीही झालेलं नाही. तो शडर होता."

"काय होता?"

"शडर. शिव्हर आणि ट्रेम्बल आधीच झाले होते."

तो माणूस पुढे वाकून ड्रायव्हरला म्हणाला, "असंबद्ध बोलतायत. जरा जोरात घे."

हॉस्पिटलच्या टेबलामागे एक बाई कॉम्प्युटर घेऊन बसल्या होत्या. सेक्रेटरी स्कूटरवरून आधीच पोहोचले होते आणि त्यांनी साहेबांची नोंद "आकडी" म्हणून करून टाकली होती. साहेबांनी हरकत घेतली. मग कारण काय लिहू, बाईंनी विचारलं. आकडी, थंडीताप, अशक्तपणा किंवा इतर, एवढेच पर्याय मशीन दाखवत होतं. इतर निवडलं तर मोठ्या डॉक्टरांनी तपासल्याशिवाय घरी सोडता येत नव्हतं.

"मी आजारीच नाही, हा पर्याय कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

"आजारी नसलेला माणूस इथे कशाला येईल?" बाई म्हणाल्या.

हा युक्तिवाद बिनतोड होता. शिवाय नियमासमोर अरेरावी करणारी माणसं साहेबांनी जन्मभर बघितली होती, आणि त्या माणसांत आपली गणना व्हावी हे त्यांना, टॉवेलवर असतानाही, मान्य नव्हतं. "इतर लिहा," ते म्हणाले. कुणीतरी त्यांच्या खांद्यावर चादर टाकली, आणि ते सुनेसोबत कॉरिडॉरमधल्या बाकावर मोठ्या डॉक्टरांची वाट बघत बसले. सेक्रेटरी जरा अंतरावर उभे होते. ब्रश अजून खिशात होता.

वेळ जात होता आणि डॉक्टर येत नव्हते. साहेबांची नजर सारखी सुनेच्या हातातल्या फोनकडे जात होती.

"तू घरी जा," ते सुनेला म्हणाले. "फोन यायची वेळ झाली. इथे काय गोंगाट आहे बघ."

"तुम्हाला असं सोडून?"

"माझ्यामुळे तुझा इंटरव्ह्यू बुडाला तर मी तुला तोंड कसं दाखवू गं?"

हे बोलताना त्यांचा आवाज जरा चढला. सून उठायला लागली तेवढ्यात फोन वाजला. तिने एकदा सासऱ्यांकडे बघितलं, कानाला वायर लावली, आणि भिंतीकडे सरकून "येस, स्पीकिंग" म्हणाली. सेक्रेटरींनी ताबडतोब कॉरिडॉरचा ताबा घेतला. स्ट्रेचर ढकलणाऱ्यापासून भेटायला आलेल्या नातेवाइकांपर्यंत सगळ्यांना ते ओठांवर बोट ठेवून गप्प करत होते. हॉस्पिटलच्या पाट्यांना जे कधी जमलं नव्हतं ते सेक्रेटरींनी करून दाखवलं.

साहेबांना फक्त तिचं बोलणं ऐकू येत होतं. नाव, शिक्षण, आधीची नोकरी. मग बराच वेळ पलीकडचा प्रश्न चालला. मग ती म्हणाली, "म्हणजे, समजा एक रुग्ण माझ्यासमोर आहे, आणि जो बघू शकत नाही त्याला मी त्याचं वर्णन करायचं?" तिची नजर समोर असलेल्या एकमेव माणसावर आली.

तिने इंग्रजीत सुरुवात केली. एक वयस्कर गृहस्थ बसले आहेत. हात हलताहेत. हे शिव्हरिंग नाही, कारण त्यांना थंडी वाजत नाहीये. अंग ओलं आहे, वर पंखा आहे, तरी त्यांनी चादर बाजूला काढून ठेवलीये. साहेबांनी मनातल्या मनात तिला पैकीच्या पैकी गुण दिले. शडर नाही, कारण शडर एकदा येऊन जातो, हे चालूच आहे. वा. क्विव्हर नाही, ओठ आणि आवाज स्थिर आहेत. ते घाबरलेलेही नाहीत, किंवा घाबरलेत ते दुसऱ्या कुणासाठी. ट्रेम्बल म्हणेन मी. बारीक, जलद, दोन्ही हातांना सारखं, आणि हात पुढे केले की जास्त. आणि...

इथे ती अडखळली. मग हळू आवाजात तिने पुढचं सांगितलं. वजन उतरलं असावं, गळ्याजवळ बनियन फार सैल झालंय. काही महिन्यांपासून असावं. घरच्यांच्या लक्षात आलं नसावं, कारण ते रोज बघत होते.

फोन संपला. ती बाकावर येऊन बसली. चेहरा उतरला होता.

"फार छान झालं," साहेब म्हणाले. "एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही."

"बाबा," ती म्हणाली, "इंटरव्ह्यू संपला. आता थांबवा ना."

"काय थांबवू?"

"हात."

साहेबांनी मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघितलं. "मी सकाळीच थांबवलंय," ते म्हणाले.

दोघंही त्या हातांकडे बघत राहिली. साहेबांनी ते गुडघ्यांवर दाबले, मुठी वळल्या, सोडल्या. जन्मभर त्यांनी काटा थांबायची वाट बघितली होती, आणि प्रत्येक काटा कधी ना कधी थांबला होता. त्यांना खरोखर भीती वाटली. सुनेने आपले दोन्ही हात त्यांच्या हातांवर ठेवले. लांब उभ्या असलेल्या सेक्रेटरींनी तोंड फिरवून खिशातून रुमाल काढला, त्याच्याबरोबर ब्रशही खाली पडला.

मोठ्या डॉक्टरांनी साहेबांना हात पुढे करायला लावले आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद फडफडत राहिला. मग गळा चाचपला, नाडी बघितली, रक्त घ्यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी निदान आलं. थायरॉइड वाढला होता. घाम, उकाडा, उतरणारं वजन, थरथरणारे हात, सगळं त्याचंच. "गोळ्यांनी आटोक्यात येईल," डॉक्टर म्हणाले. "पण असंच अंगावर काढलं असतं तर हृदयाला झेपलं नसतं. बरं झालं आणलंत. कुणी ओळखलं?"

साहेबांनी सुनेकडे बोट दाखवलं. मग जरा विचार करून सेक्रेटरींकडेही दाखवलं. "ह्यांनी चुकीचं ओळखलं," ते म्हणाले, "पण वेळेवर ओळखलं."

बायकोला हे सगळं कळलं तेव्हा ती साहेबांवर रागावली नाही, याचंच साहेबांना जास्त वाईट वाटलं. ती नुसती शेजारी येऊन बसली. "पडू नका एवढंच सांगून गेले होते मी," ती म्हणाली, आणि बराच वेळ त्यांचा दंड धरून राहिली.

नोकरी मिळाल्याचं पत्र सुनेला त्याच महिन्यात आलं. इंटरव्ह्यू घेणाऱ्या बाईंनी तिला म्हणे विचारलं, की ते वर्णन तुम्ही पाठ करून आला होतात का. काटेसाहेबांनी त्या दिवशी स्वतः जिने उतरून, जिने चढून सेक्रेटरींच्या दारात जाऊन चमचा परत दिला. चमचा खरं तर साहेबांच्याच घरचा होता. त्याच्यावर दातांचे ठसे होते. "तुमच्याकडेच असू द्या," साहेब म्हणाले. सेक्रेटरींनी तो हॉलमध्ये, मुलाला कॅरममध्ये मिळालेल्या कपाशेजारी ठेवला. काकूंची नवीन जेली साहेबांनी उभ्या उभ्या संपवली आणि वर वाटी चाटली.

मग घरी येऊन त्यांनी बाथरूमबाहेरच्या वजनकाट्यावरची फुली ओल्या फडक्याने पुसली. पेन परत खिशाला लागलं. बशीही शेल्फवरून खाली आली. गोळ्या चालू होत्या. दिवस आपल्या गतीने जात होते.

एका सकाळी सून आतल्या खोलीत कानाला वायर लावून कामावर बसली होती. कुणाला तरी अगदी शांतपणे विचारत होती, थंडी वाजतेय की नुसतेच हात हलताहेत, नीट बघून सांगा, मला घाई नाही. साहेब बाहेर पेपर वाचत तिचा आवाज ऐकत बसले होते. थोड्या वेळाने बायको स्वयंपाकघराच्या दारात आली.

"अहो, चहा तसाच ठेवलात का? बशी वाजली नाही म्हणून बघायला आले."

काटेसाहेबांनी रिकामा कप तिला दाखवला.